वाजवीपेक्षा जास्त

"आणि जावयानं झोका दिला म्हणून काय आभाळ फाटलं रे ललित?" असं मी ओरडले तेव्हा त्याच्या हातात जावयाची बॅग होती... तुम्हाला सांगते, माझा सख्खा मुलगा, धुळ्याला कॉलेजात इंग्रजी शिकवणारा, आणि पाहुण्याला घालवायला त्याची बॅग उचलून दारात उभा! झालं काय, तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी नात, ललितची पुतणी मोहिनी इथं धरणगावला माहेरी आली. वर्षभर सासरी राबलेल्या पोरी आखाजीलाच तेवढ्या मोकळ्या होतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, तिथं पुरुषाचं काय काम? पण मागोमाग रावेरहून तिचा नवरा योगराज हजर, केळीची कापणी टाकून! "करमेना," म्हणे... आणि सगळ्यांदेखत तिला झोका द्यायला लागला! शेजारची झुंबरबाई तोंडाला पदर लावून विचारते, "हाऊ जवाई शे का गडी शे वं माय?" मीही हबकलेच, खोटं कशाला बोलू!

पण ललित? तो म्हणतो, "आई, हा माणूस अक्सोरिअस आहे!" मला वाटलं, साथीचा रोग! मी शाळेची पायरी न चढलेली, पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकलेली, पण शब्द म्हणून सोडत नाही. "अर्थ सांग." तर म्हणे, "बायकोवर वाजवीपेक्षा जास्त प्रेम करणारा." वाजवीपेक्षा जास्त! "आला कुठून?" "लॅटिनमधून. उक्सोर म्हणजे बायको." माय वं! म्हणजे ती भाषा बोलणारी माणसं गेली, त्यांची राज्यं गेली, आणि बायकोला जीव लावणाऱ्याला नावं ठेवणं तेवढं मागे उरलं? आणि वाजवी म्हणजे किती, ते मापटं कोणाच्या घरी ठेवलंय? "बरं, नवऱ्यावर वाजवीपेक्षा जास्त प्रेम करणारीला काय म्हणतात?" तर हा डोकं खाजवतो. "तसा शब्द... कोणी वापरत नाही." वापरतील कशाला! बाईनं जन्म वाहिला तरी तो वाजवीच!

तिकडे मोहिनी डोळे पुसत साड्या भरायला लागली, "ते निघाले तर मीही निघते, आजी." म्हणजे पोरीची आखाजी बुडाली ना! आणि हा म्हणतो, "जाऊ दे, गाव हसतंय." आता तुम्हीच सांगा, ह्याची स्वतःची बायको दीपमाला मुक्ताईनगरला माहेरी, आणि हा इथं आईच्या हातचे मांडे चापत दुसऱ्याचं प्रेम मोजतोय! वाजवीपेक्षा जास्त म्हणे! बॅग हिसकावली नि म्हटलं, "जावई कुठं जात नाही, तूच मुक्ताईनगरची गाडी पकड, दीपमालाला झोका दे, आणि 'तुम्ही कोण?' असं तिनं विचारलं, तर त्याला लॅटिनमध्ये काय म्हणतात ते मला फोनवर कळव!"