स्वयंपाकघर असलेली खोली

विद्यापीठात पीएचडी करणाऱ्यांच्या खोल्यांसाठी अर्जांची रांग होती. पुढे मायलेकी. पीएचडी लेकच करणार, असं त्यांच्या मागे उभ्या मुलीने गृहीत धरलं होतं. पण अर्ज आईच्या हातात होता.

"आई, ग्रंथालयाजवळची घे की."

"तिला स्वयंपाकघर नाही."

"मग लांबची घे."

"तिला आहे."

"मग घोडं पेंड कुठे खातंय?"

"स्वयंपाकघर दिसलं की तुझे बाबा मुक्कामालाच येतील."

"आणि नसलं तर?"

"चहालासुद्धा फिरकायचे नाहीत."

"तुला ते यायला हवेत की नकोत?"

"कालपर्यंत नको होते. आज सकाळी उठून बघते तर माझी सगळी पुस्तकं त्यांनी सुतळीने बांधून ठेवलेली."

खिडकीतून हाक आली, "पुढचे या."

आई बाजूला सरकली आणि मागच्या मुलीला म्हणाली, "तू जा गं आधी. माझा एक रकाना राहिलाय."