बिनआवाजाचे ब्रेक

गड्यांनो, माझ्या पोराच्या गाडीचं सांगतो. पुण्यात त्यानं जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. तो गावाकडं यायचा तेव्हा ओढ्याजवळच्या वळणावर तिचे ब्रेक किंचाळले, की मी दोघांचा चहा ठेवायचो. तो दारात येईपर्यंत उकळी फुटायची.

एकदा आम्ही दोघं गाडी घेऊन साताऱ्यात गेलो, तर मिस्त्री त्याला म्हणाला, "ब्रेकला सिरॅमिकचे पॅड टाका. अजिबात आवाज न्हाई."

"आबा, टाकू का?" पोरानं मला विचारलं.

"नको रं. हायेत तेच बरं हायेत."

"आवं, लोक हसत्यात आवाजाला!"

"हसू देत की. चहा कवा ठेवायचा ते मला कळतंय."

तो हसला आणि त्यानं सिरॅमिकचेच टाकून घेतले.

पुढं त्याची कामं वाढली. येणं कमी होत होत थांबलं. परवा शेजारीण म्हणाली, "आबा, पोरगं येत न्हाई व्हय?"

म्हटलं, "येत असंल. त्या ब्रेकचा आवाजच होत न्हाई."