सविताची तयारी

हसू नका, पण माझ्या मानसशास्त्राचा आजवर एकाच घराला उपयोग झालाय. एम.ए. करताना दर शनिवारी मी वाशीच्या एका कॉलेजात मुलींची मार्गदर्शक ताई म्हणून जायचे. माझ्या वाट्याला बारावीतली सविता आली. नुकतीच अठरा पूर्ण झालेली. तिला नर्सिंगला जायचं होतं, पण अनोळखी माणूस समोर बसला की तोंडातून शब्दच फुटायचा नाही. मुलाखतीत काय करणार?

म्हणून सहा महिने मी परीक्षक आणि ती उमेदवार. मान वर ठेव, चार आकडे मोजत श्वास घे, डोळ्यांत बघून बोल. शेवटी लई झकास बोलायला लागली.

एका शनिवारी ती आलीच नाही, म्हणून घरी गेले. दारात चपलांचा ढीग. तिच्या आईनं हाताला धरून मला आत नेलं आणि पोह्यांची बशी पुढं केली.

"मॅडम, तुमचे लई उपकार झाले बघा. आधीची दोन ठिकाणं परत गेली, पोरगी मुकी हाय का म्हणून. आज कशी पटापट बोलली! पाव्हण्यांनी इथंच पसंती सांगितली."

"अन् नर्सिंगचं?"

"ते आता सासरचे बघतील की."

सविता कपबश्या गोळा करत होती. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, म्या डोळ्यांत बघून सांगितलं, मला नर्सिंगला जायचंय. पाव्हणे म्हणले, आवाज लई गोड हाय पोरीचा."