हेडर मारणारा विठ्ठल

विठ्ठलचं तुम्हाला सांगायचं राहिलंच. आमच्या खात्याच्या फुटबॉल टीमचा तो डिफेंडर. आलेला प्रत्येक चेंडू डोक्यानंच परतवायचा. डोकं वापरणारा खात्यातला एकमेव माणूस, असं आम्ही म्हणायचो. हल्ली तो विसरायला लागलाय, पण डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतो, ‘मला काय धाड भरलीय?’ शेवटी वहिनींनी मला गळ घातली.

म्हणून परवा पडेगावच्या हॉटेलात चहा पिताना मी त्याला पेपरातली बातमी वाचून दाखवली. इंग्लंडचा एक नावाजलेला डिफेंडर, जन्मभर हेडर मारले, आता त्याला स्वतःची बायको ओळखू येत नाही.

‘आरारा, लई वाईट,’ विठ्ठल म्हणाला. ‘मीबी तसाच खेळलो ना रं?’

‘व्हय. म्हणून उद्या डॉक्टरकडं चल.’

‘येतो की. नाय कशाला म्हणू?’

मी खुशीत दुसरा चहा सांगितला. चहा आला, तसा विठ्ठलनं पेपर माझ्यापुढं सरकवला.

‘वाच की काही. फुटबॉलचं हाय का?’

ती बातमी मी तीनदा वाचली. तिन्ही वेळा त्याला त्या गोऱ्याचं तेवढंच वाईट वाटलं, आणि तिन्ही वेळा त्यानं उद्या यायचं कबूल केलं.