वीतभर उजेड

जुन्नरची एसटी येईना. नारायणगाव स्टँडवर बसलेल्या कापडदुकानवाल्या उगमबाईंच्या मागे मोहसीन आणि त्याची बहीण झेबा भांडत होते.

"झेबा, माझ्या विजेचे झटके सोडणाऱ्या मशीनची वायर तू कापलीस?"

"लोंबत व्हती, भाई. शिलाईवालीचा हात, लोंबेल ते कापतो."

"अगं, त्यातल्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरमधून वीज दरडीसारखी कोसळती. वायर जेवढी लांब, तेवढा येळ झटका टिकतो."

"मग बिघडलं का?"

"बिघडलं? झटका आखूडच पायजे होता, पण कापायला माझाच हात धजत नव्हता! काल मोजायच्या स्क्रीनवर पाह्यलं. झटका एवढा आखूड, की तेवढ्यात सगळ्यात जोरात पळणारा उजेडसुदिक वीतभरच सरकतो."

"उजेड? वीतभरच?"

"वीतभरच."

"म्हंजे मी कात्रीनं येळ कापला?"

जन्मभर कापड मोजलेला पंजा उगमबाईंनी ताणला आणि उन्हात धरला.