पोस्टरवरचा खोकला

(सुरत, १९९७. कतारगाममधल्या एका आरोग्य प्रकल्पाचं छोटं ऑफिस. भिंतीवर टीबीचं नवं पोस्टर आहे, आणि त्यातला खोकणारा माणूस, कापडाच्या कारखान्यातला लूमकामगार लोटू, त्याच पोस्टरखाली बसला आहे. शेजारी त्याची बायको मालतीबाई, प्रकल्पाची वस्तीतली आरोग्यसेविका. समोर पोस्टर तयार करणारी सुषमा.)

लोटू : ...आनि कडोदऱ्यालाबी लावलंय तुम्ही. माझा मेव्हना बसमधून उतरला, तर समोर मी. तोंडावर रुमाल, डोये बाहेर आलेले. तो तिथूनच माघारी गेला, ताई. माझ्या घरी जेवायला येत होता.

सुषमा : लोटूभाऊ, फोटो काढायच्या आधी मी तुम्हाला विचारलं होतं. पोस्टर होणार हेही सांगितलं होतं.

लोटू : सांगितलं होतं. मले वाटलं, पोस्टर म्हनजे या भिंतीवर एक लागंल. तुम्ही चारशे छापले.

मालतीबाई : आणि ताई म्हणाल्या होत्या, जरासं खोका. तुम्ही असे खोकलात की फोटोवाला दोन पावलं मागं सरकला.

लोटू : काम दिलं तर नीट करायचं का नाही?

सुषमा : फोटो उत्तम आलाय, त्यात वाद नाही. अहमदाबादच्या मुख्य ऑफिसनंसुद्धा कौतुक केलं.

लोटू : आमच्या शेठनं नाही केलं. आज बारा दिवस झाले, मले घरी बसवलंय. प्लेगच्या साली तो गाव सोडून पळाला तो महिन्यानं आला. तवापासून लूमच्या खात्यात कोनी शिंकलं तरी कॅबिनचं दार लावून घेतो. पोस्टर पाहिलं आनि वॉचमनला सांगून ठेवलं, लोटूला आत सोडू नको. मी फाटकातून सांगतोय, शेठ, तो फोटो खोटा आहे. तो आतून म्हनतो, छापेलुं छे ने. छापलंय म्हनजे खरंच असनार.

सुषमा : मग सोपं आहे. मी आजच येते तुमच्या खात्यात. हा माणूस ठणठणीत आहे, नुसता फोटोसाठी खोकला, असं सांगते. लेटरहेडवर लिहून देते.

लोटू : नको.

सुषमा : नको म्हणजे?

लोटू : तेच तर सांगायला आलोय. पोस्टर काढा. पन मी बरा आहे हे कोनाला सांगू नका.

सुषमा : मालतीबाई, मला काही कळेना.

मालतीबाई : सांगा ना त्यांना. मी पण ऐकते तुमच्या तोंडून.

लोटू : माझ्या शेजारच्या लूमवर हिलाल आहे. आमच्याच पारोळ्याकडचा. पोस्टर लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर माझ्या मागं येऊन उभा राहिला. हळूच म्हने, लोटू, तुलेबी आहे का? मले दोन महिन्यांपासून आहे. थुंकीत रक्त पडतं. बायकोलाबी सांगितलं नाही. आता त्याले काय सांगू? मी नुसता फोटोतला आहे?

सुषमा : काय सांगितलंत मग?

लोटू : म्हनलं, हो, आहे.

सुषमा : लोटूभाऊ.

लोटू : तोंडातून निघून गेलं. पन त्याच दिवशी त्याले तुमच्या दवाखान्यात आनला. तपासलं, निघालं. गोया चालू झाल्या. डॉक्टर म्हनले, तीन आठवडे घरी थांब. त्यानं गावाकडं लग्न आहे सांगून रजा काढली. पन गोया एकटा खाईना. तू खाशील तर मी खाईन, म्हने. म्हनून रोज सकाळी सातला आम्ही चहाच्या टपरीमागं उभे राहतो. तो त्याच्या मूठभर घेतो, मी माझी एक घेतो.

सुषमा : तुमची कसली?

लोटू : पेपरमिंट.

सुषमा : रोज?

लोटू : तीन आठवडे झाले. तेवढ्यावर भागलं असतं, तर चालशे म्हनलो असतो. एक दिवस विचारतो, तुझी लघवी लाल होते का? त्या गोयीनं होते म्हने. मी म्हनलं, लालभडक. तर म्हने, दाखव.

सुषमा : मग?

लोटू : मग काय. दोन दिवस बीट खाल्लं.

मालतीबाई : तरी मी म्हणते, हा माणूस स्वतःहून भाजी कसा आणायला लागला.

सुषमा : पण शेठना खरं सांगण्यात काय अडचण आहे? हिलालचं नाव मी घेणारच नाही.

लोटू : तुम्ही नाही घेनार. पन परवापासून हिलाल कामावर आलाय, अजून मधेमधे खोकतो. शेठला वाटतं, हे सगळं लोटूनं मागं ठेवलंय, चार दिवसांत जाईल. माझ्या नावावर हिलालचा खोकला खपतो. मी ठणठणीत निघालो की शेठ विचारंल, मग खोकतं कोन? चार पोरी आहेत त्याले.

मालतीबाई : आणि आपल्या घरात मी काय शिजवू, पोस्टर?

सुषमा : थांबा. डॉक्टर काय म्हणतात सांगू? गोळ्या नियमित घेतल्या की दोन-तीन आठवड्यांनी सहसा दुसऱ्याला धोका राहत नाही. हिलालला डॉक्टरांनी तपासूनच कामावर सोडलं असणार. हेच शेठच्या डोक्यात शिरायला पाहिजे. पण त्याआधी मला तुम्हाला एक सांगायचंय, आणि ते सांगायला मला अवघड जातंय.

लोटू : सांगून टाका. अजून किती वाईट असनार?

सुषमा : अहमदाबादहून आमचं इंग्रजी वार्तापत्र निघतं. देणगीदारांना जातं. त्यात तुमचा हाच फोटो छापलाय. खाली लिहिलंय, "आमच्या उपचारांनी बरे झालेले श्री. लोटू." मी असं लिहून दिलं नव्हतं. तिकडं कोणीतरी बदललं. आता शुक्रवारी दिल्लीहून पाहुणे येतायत, त्यांना तुम्हाला भेटायचंय.

लोटू : म्हनजे खात्यात मी आजारी, दिल्लीत बरा झालेलो, आनि घरी मुळातच काही झालेलं नाही.

मालतीबाई : घरी पण झालंय. बिनकामाचे बसलात.

सुषमा : मी पाहुण्यांना खरं काय ते सांगणार आहे. चूक दुरुस्त करून छापा, असं अहमदाबादला पत्र टाकलंय. त्यांना राग आला तर येऊ दे.

लोटू : पाहुने दिल्लीचे. संगती कॅमेरा असंल?

सुषमा : असणारच.

लोटू : मग त्यांना इथं काबरं बसवता? आमच्या खात्यात आना. शेठला छापून यायची लई हौस. मंडळाच्या गनपतीच्या पत्रिकेवर गनपती लहान आनि शेठ मोठा असतो. त्याले सांगा, दिल्लीचे लोक तुमचा फोटो काढनार. आनि खाली लिहिनार, या शेठच्या खात्यात टीबीचं औषध घेनाऱ्या कामगाराला कामावरून काढत नाहीत.

सुषमा : पण ते काढतात.

लोटू : छापल्यावर काढून दाखवू दे.

मालतीबाई : ताई, हसू नका. ते खरं बोलतायत. त्या माणसाला समजावून काही होणार नाही, छापूनच होईल.

सुषमा : पण त्यांना आधी वाचून दाखवायचं. एकेक शब्द. डॉक्टर सगळ्या कामगारांसमोर बोलतील आणि शेठ तिथंच कबूल झाले तरच सही घ्यायची, तरच छापायचं. तुमच्या वेळी जे नीट झालं नाही ते पुन्हा नको.

लोटू : वाचून दाखवा की. तो स्वतःच दोनदा वाचंल. किती छापनार?

सुषमा : चारशे.

लोटू : कडोदऱ्यालाबी लावा.

सुषमा : लावू. आणि तुमचं पोस्टर? उतरवायचं ना?

लोटू : याच्यामुळं अजून कोनी आलं का दवाखान्यात?

मालतीबाई : अकरा जण. दोघांना निघालं, हिलालभाऊ धरून तिघं.

लोटू : मग राहू द्या.

सुषमा : राहील. पण खाली एक ओळ घालीन. फोटोतली व्यक्ती रुग्ण नाही, वस्तीतली मदत करणारी आहे.

लोटू : ती ओळ नको. हिलालला वाचता येतं. त्याच्या गोया संपू द्या, मग घाला.

मालतीबाई : घाला ताई. हिलालभाऊंना माहीत आहे.

लोटू : काय माहीत आहे?

मालतीबाई : सगळं. पहिल्याच आठवड्यात मला येऊन म्हणाले, वहिनी, लोटूच्या तोंडाला रोज पेपरमिंटचा वास येतो.

लोटू : मग लघवी दाखव कशाला म्हनला?

मालतीबाई : गंमत केली. तुम्ही बीट आणलंत ते मी सांगितलं, तेव्हा खोकला येईपर्यंत हसले.

लोटू : आनि मी काहीच घेत नाही हे माहीत आहे, तर तो रोज सातला येतो कशाला?

मालतीबाई : मी पण हेच विचारलं. म्हणाले, मी गेलो नाही तर लोटू टपरीमागं एकटा उभा राहील. त्याला सांगू नका, त्याला वाईट वाटंल.

सुषमा : चला, म्हणजे सुटलात तुम्ही. उद्यापासून पेपरमिंट बंद.

लोटू : ताई, किती महिने राहिले त्याचे?

सुषमा : पाच, थोडे वर.

लोटू : मालती, मले कळलंय हे हिलालला सांगू नको.