शेवटचे तीन यार्ड

नेब्रास्कातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये बाबांचं अंत्यदर्शन होतं. मी थोडं बाहेर जाऊन आले आणि पुन्हा रांगेत उभी राहिले. मागे दोन म्हातारे होते, बाबा कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचे कोच होते तेव्हा त्यांच्या संघात खेळलेले. ते मला ओळखत नव्हते.

“व्हर्लिन, काठी माझ्या बुटावर टेकवू नकोस.”

“तुझा नेम चुकला तेव्हा मी बोललो का काही? गॉर्डी, गोलरेषेला तीन यार्ड उरले होते रे!”

“आज नको.”

“आजच. सगळा मोसम चेंडू छातीशी धरून मी धावलो. कोच म्हणायचे, आधी धावा, अगदीच अडलं तर फेका. आणि फायनलला, रेषा समोर दिसत असताना, तुला फेकायला सांगितलं. माझ्यावरचा विश्वासच उडाला त्यांचा.”

“तुझा गुडघा गेला होता.”

“कुणाला ठाऊक होतं? मी लंगडलोसुद्धा नाही.”

“उठताना तू गवताला हात टेकलास. ते कोचनी पाहिलं. मला म्हणाले, ‘हा आता पडला तर पुन्हा चालायचा नाही. हरलो तर हरलो. तू फेक.’”

“आणि हे तू मला आज सांगतोस?”

“शब्द घेतला होता त्यांनी. म्हणाले, ‘आपल्यामुळे हरलो असं त्याला वाटायला नको. मला शिव्या देतोय, देऊ दे.’”

मग काठी वाजली.

“ताई, मला जरा पुढे जाऊ देता?”

मी बाजूला झाले.